मागची डावी बाजू

कॉलेज रोड, नाशिक
३ ऑक्टोबर १९९८

श्री. वाल्मीक सावळीराम विधाते यांस,
मु. मखमलाबाद.

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने.

दसऱ्याच्या संध्याकाळी तुझी मुलगी हर्षाली अण्णांची फियाट स्वतः चालवत माझ्याकडे सोने द्यायला आली. गाडी फाटकातून आत वळताना मागच्या डाव्या चाकाजवळ जुने कापड फाटावे तसा आवाज झाला. गाडी थांबल्यावर पाहिले, तर तिची डावी बाजू उजवीपेक्षा खाली होती. डिकीत सामान आहे का, असे मी विचारले. हर्षाली म्हणाली, "नाही आत्या, झेंडू सकाळीच बाजारात गेला." मी सतरंजी अंथरली, बॅटरी घेतली आणि गाडीखाली शिरले. मागचे पाटे ज्या ब्रॅकेटला टांगलेले असतात, त्यावर जाड काळा थर दिसला. त्या थरावर मी पेचकस टेकवला. जोर दिला नाही. पेचकस मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्यामागून पातळ तपकिरी पाणी आले.

आता या वस्तुस्थितीचा अर्थ. पाटा ही पोलादी पट्ट्यांची कमान. गाडीच्या मागच्या भागाचे वजन ती पेलते. परंतु ती स्वतः टांगलेली असते एका पोकळ पत्र्याच्या पेटीला, आणि ती पेटी आतून कुजली आहे. बाहेरून जे दिसते ते लोखंड नाही, लोखंडाच्या आकाराचा गंज आहे. सपाट रस्त्यावर ती आणखी काही महिने तग धरील. घाटात, उतारावर, उजव्या वळणाला सारा भार डावीकडे झुकेल तेव्हा ब्रॅकेट पत्र्यासकट उपटून येईल, मागचा आस तिरका होईल आणि त्यापुढे स्टिअरिंग कोणाच्या हातात आहे याला काहीही महत्त्व उरणार नाही. मी आयुष्यभर धातुशास्त्र शिकवले आहे. हे भाकीत नव्हे.

हर्षालीने मला आनंदाने सांगितले की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती आणि महेश याच गाडीतून वणीच्या गडावर दर्शनाला जाणार आहेत. "अण्णाआजोबांच्या गाडीतूनच जायचं, असं बाबांनी ठरवलंय." मी तिला काही बोलले नाही. तिच्या हातावर साखर ठेवली, आणि सोबत म्हणून तिच्याबरोबर मागच्या सीटवर, उजव्या बाजूला, बसून तुमच्या गावच्या वेशीपर्यंत आले. डाव्या बाजूवर माझे वजन पडू नये म्हणून उजवीकडे. तेथून रिक्षाने परतले. घरी आले नाही, कारण घरचे बोलावणे नव्हते.

या नासाडीचे कारण मला ठाऊक आहे. तू डिकीत युरियाच्या गोण्या टाकतोस. दोन वर्षांपूर्वी, अण्णांच्या वर्षश्राद्धाला, पंक्ती उठत असताना मी हेच बोलले होते, की गाडीचे हाल करणाऱ्याला हयगयी माणूस म्हणतात. त्यावर तू साऱ्या भावकीसमोर म्हणालास, "अक्का, गाडी माळ्याची हाय, म्युझियममधली नाय." तेव्हापासून तू माझी पायरी चढला नाहीस आणि मी तुझी. ते तसेच राहू दे. हे पत्र गाडीपुरते आहे.

फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो अक्का" म्हणतोस. "हो अक्का" म्हणून तू आजवर काय काय केले नाहीस, त्याची मला चांगली आठवण आहे. गाडी आजपासून बंद ठेवलीस की नाही, ते लेखी कळव.

सुवर्णा विधाते


कॉलेज रोड
१४ ऑक्टोबर १९९८

वाल्मीक,

माझ्या पत्राला उत्तर नाही. मखमलाबाद येथून पाच मैल आहे. पत्र पोचले नाही, ही सबब मी मान्य करणार नाही. ते पोचले आहे हे मला भागुबाईकडून कळले. तुझ्याच आळीतून ती भाजीची पाटी घेऊन आमच्या दारी येते, आणि मेथीची जुडी निवडता निवडता साऱ्या गावाची खबर देते.

"अक्का, तुमची चिठ्ठी आली ना, तर वाल्मीकभाऊंनी दोनदा वाचली. मग चष्मा काढून बसले."

"काही बोलले?"

"नाय. मंग लताबाई बोलल्या, नणंदेला पोरीचं लगीन डोळ्यांत खुपतंय का? तर भाऊ त्यांच्यावरच खेकसले. म्हणे अक्काला काय खुपतं ते तुला नाय कळायचं."

"आणि गाडी?"

"गाडी काल पालक घेऊन गेली की बाजारात."

म्हणजे पत्र वाचल्यानंतरही गाडी रस्त्यावर आहे. लता काय म्हणाली याची मला फिकीर नाही. तिला मी कधी आवडले नाही आणि तिचा स्वयंपाक मला. परंतु तू दोनदा वाचलेस आणि तरी पालक भरलास, हे माझ्या समजुतीच्या बाहेर आहे.

भागुबाईने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यामुळे माझे जेवणावरचे लक्ष उडाले आहे. गडावर गाडी तू नेणार नाहीस. महेशचा चुलतभाऊ राज नेणार आहे. हा राज सुरगाण्याच्या बाजूला जीप चालवतो, आत जितकी माणसे तितकीच मागे लोंबकळत. साखरपुड्यात तो म्हणाला म्हणे, "ही डबी काय घाटाला भिणार? मी न्यूट्रलमध्ये उतरवून दाखवतो." सारे हसले. तूही हसलास का?

मी रोज संध्याकाळी फिरायला जाते. सध्या चालताना प्रत्येक उभ्या गाडीची मागची डावी बाजू पाहते. काल एका अनोळखी गृहस्थांना त्यांच्या गाडीचा पाटा बसला असल्याचे सांगितले. त्यांनी आभार मानले नाहीत.

लग्नापूर्वी दुरुस्ती शक्य आहे. मात्र ती योग्य रीतीने व्हावी. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवणे म्हणजे विरलेल्या लुगड्याला नव्या कापडाचे ठिगळ लावणे: ठिगळ टिकते आणि भोवतालचे लुगडे फाटते. कुजलेले सगळे, निरोगी चकचकीत लोखंड लागेपर्यंत, कापून काढले पाहिजे. हे करणारा कोणी तुला माहीत नसेल तर मी शोधते. लेखी कळव.

सुवर्णा


कॉलेज रोड
२ नोव्हेंबर १९९८

वाल्मीक,

उत्तर अजूनही नाही. परंतु गाडी पंचवटीत, पेठ नाक्याजवळ झुंबरच्या शेडमध्ये लागली आहे, हे आज कळले, आणि मी तडक तिथे गेले. ही माहितीदेखील मला भागुबाईच्या पाटीतून मिळावी, याबद्दल मी काही लिहीत नाही.

झुंबर हा मनुष्य मला प्रथमदर्शनी पसंत पडला नाही. तोंडात तंबाखू, कानामागे खडू आणि प्रत्येक गोष्टीवर विनोद. मी आत शिरले तेव्हा फियाट लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती, आणि त्याच्या हातात पत्र्याचा एक चौकोनी तुकडा होता.

"हा कुठे लावणार?" मी विचारले.

"हितं. वरून मारून देतो. नातवाच्या लग्नापर्यंत बघायला नको."

"नातवाचे राहू द्या. या महिन्याच्या शेवटी मुलगी या गाडीतून घाट चढणार आहे, तेवढे बोला."

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. मी सतरंजी बरोबर आणली होती. ती अंथरून गाडीखाली गेले आणि पेचकसाने एकेक जागा टोचत, जिथे पत्रा खरोखर पत्रा होता तिथपर्यंत पोचले. त्या रेषेवर खडूने खूण केली. ती रेषा त्याच्या चौकोनी तुकड्याच्या कितीतरी बाहेर पडली.

"मॅडम," तो वरून म्हणाला, "तुम्ही गाडी बघताय का पोरीसाठी स्थळ?"

"स्थळ माझ्या भावाने पाहिले आहे. म्हणून मी गाडी पाहते आहे."

तो खो खो हसला, तंबाखू थुंकून आला, आणि खडूची रेघ वितीने मोजू लागला. मग म्हणाला, "एवढं कापायचं तर टाकी काढावी लागंल, सीट काढावी लागंल, पाटा उतरवावा लागंल. वाल्मीकशेठला विचारायला पायजे."

मी म्हटले, विचारा. तेव्हा तो जे बोलला ते मी शब्दशः लिहिते. "विचारायचं काय? शेठ गाडी लावतानाच बोलून गेलेत. अक्का येईल. ती पास करील तेव्हाच गाडी बाहेर काढायची."

म्हणजे मी येणार हे तुला माहीत होते. निरोप्याकडून, तोही झुंबरकडून, तू मला कामाला लावलेस. निरोप म्हणजे उत्तर नव्हे, वाल्मीक. तरीही मी काम स्वीकारले आहे, कारण नकार दिला तर तो चौकोनी तुकडा तिथे लागेल.

माझ्या अटी मी झुंबरला सांगितल्या आहेत. कापण्यापूर्वी उजव्या बाजूची मापे घ्यावीत आणि नवे ब्रॅकेट त्यांच्याशी ताडून बसवावे, म्हणजे मागचा आस तिरका बसणार नाही. जोड एका ओळीत सलग न देता थोडा इकडे, थोडा तिकडे द्यावा, म्हणजे पत्रा तापून वाकणार नाही. तो म्हणाला, "कळतं मॅडम, एवढं कळतं." कळत असेल. मी तिथे बसणार आहे.

सुवर्णा


कॉलेज रोड
१५ नोव्हेंबर १९९८

वाल्मीक,

आज पेटी उघडली. जे दिसले ते तुला कळवणे भाग आहे, कारण त्यामुळे माझ्या पहिल्या पत्रातील एक विधान चुकीचे ठरते.

डिकीतले रबरी अंथरूण वर्षानुवर्षे कोणी उचललेच नव्हते. ते आज झुंबरने उचलले, तेव्हा खालच्या पत्र्यात एका ओळीत चार भोके निघाली. गंजाने पडलेली नव्हेत. खिळ्याने वरून ठोकलेली, कडा आत वळलेल्या. डिकीत पाणी साचते तो नेमका सखल भाग हेरून ती पाडली होती. असे ठोके मी लहानपणापासून पाहिले आहेत. रोपांसाठी तेलाच्या रिकाम्या डब्यांना अण्णा असेच भोके पाडत: तिकोनी खिळा, आणि प्रत्येक भोकाला दोन ठोके. अण्णा पहाटे गुलाबाच्या आणि झेंडूच्या पाट्या ओल्या गोणपाटात बांधून डिकीत ठेवत, वरून पाणी शिंपडत. पाणी साचले तर फूल सडते. म्हणून त्यांनी डिकीला कुंडीसारखी निचऱ्याची भोके पाडली. त्या पत्र्याखाली मोकळी हवा नसून बंद पेटी आहे, हे त्यांना कोण सांगणार? पंचवीस वर्षे फुलांचे पाणी त्या पेटीत उतरत राहिले. झुंबरने डावी पेटी कापली तेव्हा आतून मूठभर काळी माती निघाली. अगदी उत्तम माती, भुसभुशीत. तीत झेंडूच्या पाकळ्यांचे अवशेष होते.

"मॅडम, हिच्यात वांगी लावा," झुंबर म्हणाला. मला हसू आले नाही. नंतर घरी आल्यावर आले.

युरियाचा पुरावा कुठेही सापडला नाही. पहिल्या पत्रातील खताविषयीचे वाक्य मी मागे घेते. बाकीची वाक्ये कायम आहेत.

आता दुसरी गोष्ट. पेटीच्या तळाला कारखान्यातूनच पाणी बाहेर पडण्यासाठी फटी ठेवलेल्या असतात. त्या उघड्या राहिल्या असत्या तर अण्णांच्या भोकांनी एवढा घात झाला नसता. त्या बुजल्या होत्या. गाडीखाली मला पहिल्या दिवशी जो काळा थर दिसला तो डांबराचा आहे, आणि ते डांबर कोणी गॅरेजवाल्याने फासलेले नाही. कुंचल्याचा प्रत्येक फटकारा एकाच दिशेने ओढलेला आहे, कडा सुबक राखल्या आहेत, एक बोटभर जागा सुटलेली नाही. पेरूच्या बुंध्यांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट असेच लावतात. आपल्या मळ्यात तसे लावणारा हात एकच आहे.

भागुबाईला मी विचारले, हे कधी झाले? ती म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी की! दिवसभर गाडीखाली उताणे निजले होते भाऊ. तोंडावर काळे ठिपके. लताबाई हसत होत्या, तर बोलले, हसू नको, अक्का बोलली ते खोटं नाय, खालून गंज धरतोय."

तू ऐकले होतेस. सर्वांसमोर मला उत्तर दिलेस, आणि दुसऱ्या दिवशी माझे ऐकलेस. हे तू मला कळवले नाहीस. कळवले असतेस तर फटी उघड्या ठेव एवढे एक वाक्य मी लिहून पाठवले असते. मीही त्या पंक्तीत तुला हयगयी म्हटले. काय करावे ते सांगितले नाही. दोषारोप म्हणून हे लिहीत नाही. वस्तुस्थिती म्हणून लिहिते.

बापाने गाडीला कुंडी समजून भोके पाडली आणि लेकाने झाड समजून बुंधा रंगवला. यात हयगय कुठेच नव्हती.

उजवी पेटी डावीइतकी वाईट नाही, पण तीही कापायला सांगितली आहे. दिवस थोडे उरले आहेत. मला झोप नीट लागत नाही. लग्नाच्या कामांतून तुला दोन ओळी लिहायला सवड होईल अशी अपेक्षा करते.

अक्का


कॉलेज रोड
२६ नोव्हेंबर १९९८

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने न पाठवता भागुबाईच्या हाती देत आहे. तिला थांबवून घे.

काम काल पुरे झाले. दोन्ही पेट्या नव्या आहेत, जाड पत्र्याच्या. ब्रॅकेट नवी, पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश नवे, अण्णांची भोके बंद, तळाच्या फटी मोकळ्या. उजव्या आणि डाव्या बाजूची मापे जुळतात. झुंबर दोन दिवस विनोद करायचाही विसरला होता, हे त्याच्या बाजूने नमूद करते.

काम झाल्यावर तो म्हणाला, "आता बसा."

"कुठे?"

"मागं. आमच्याकडं रीत हाय मॅडम. पाट्याचं काम झालं की ज्यानं पास केलं त्यानं त्या चाकावर बसायचं आणि फेरी मारायची. माझा बाप ट्रकचे पाटे बांधायचा. तोबी बसायचा. लांबून मान हलवणारे लय असतात."

मी बसले. त्याने डिकीत वाळूची पोती टाकली आणि दिंडोरी रोडने म्हसरूळच्या पुढे चढापर्यंत गाडी नेली; खड्डे मुद्दाम चुकवले नाहीत. गाडी सरळ चालते. खचलेली डावी बाजू उचलली गेली आहे. परंतु परतताना, उतारावर उजवीकडे वळताना, माझ्या खालून एकदा बारीक कुरकुर ऐकू आली. एकदाच. झुंबर म्हणाला, नवे बुश आहेत, चार दिवस बोलणार. आम्ही लगेच उतरून पाहिले. जोडाला तडा नाही, रंग उडालेला नाही, काही हललेले नाही. पुन्हा त्याच वळणावर तीनदा गेलो. पुन्हा आवाज आला नाही.

बहुधा तो बुशचाच होता.

बहुधा हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईने खोडत असे. आज तो मला स्वतःला लिहावा लागतो आहे, कारण बंद पेटीतला जोड आतून कसा बसला आहे हे पाहण्याचे साधन ना झुंबरकडे आहे ना माझ्याकडे. बाहेरून जे तपासता येते ते सर्व मी तपासले आहे. जे तपासता येत नाही त्याची काळजी मला आजही आहे, उद्याही राहील, आणि गडाच्या पायथ्याशी, नांदुरीला, सर्वांत अधिक राहील. तुला तशी काळजी वाटत नसावी असे मी आजवर धरून चालत होते. डांबर पाहिल्यापासून तसे धरता येत नाही.

म्हणून पुढील गोष्टी निश्चित कर. सोमवारी गाडी राज चालवणार नाही. जावयाच्या माणसाला नाही म्हणणे अवघड आहे, हे मी जाणते. अक्काचा हट्ट आहे असे सांग, माझ्या नावावर आणखी एक हट्ट सहज खपेल. गाडी तू चालवशील. अण्णांनंतर त्या गाडीचा कल तुझ्याइतका कोणाला माहीत नाही, आणि तू वळणाआधी गिअर उतरवतोस, वळणात नाही. डिकीत फुले ठेवायची नाहीत. देवीच्या ओटीची परडी हर्षालीने मांडीवर घ्यावी. घाट चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा मध्ये एकदा थांबून खाली पाहायचे.

आता गाडीत कोण कुठे बसेल ते. पुढे तुझ्या शेजारी महेश. मागे उजवीकडे हर्षाली. मागची डावी बाजू रिकामी ठेवलीस तर आम्ही काय जोडले ते कळणार नाही. पोती ठेवलीस तर पोत्यांना आवाज ऐकू येत नाही. तिथे, त्या ब्रॅकेटच्या बरोबर वर, मी बसेन. झुंबरची रीत मला पटली आहे. पास मी केले आहे.

त्याआधी एक अडचण आहे. लग्नपत्रिका मला मिळाली. ती हर्षालीने आणून दिली, आणि पाकिटावरचे अक्षरही तिचेच आहे. अक्षर चांगले आहे. परंतु मुलीच्या बापाचे बोलावणे मला आलेले नाही, आणि बोलावण्याशिवाय मी तुझ्या मांडवात येणार नाही, मांडवात आल्याशिवाय दुसऱ्या दिवशी तुझ्या गाडीत बसणार नाही. मी बसल्याशिवाय गाडी घाटात जाणार नाही, कारण झुंबरने दिलेली किल्ली माझ्या टेबलावर आहे.

भागुबाई उत्तर घेऊनच परत येईल. तिच्याबरोबर तोंडी काही सांगू नकोस; "हो अक्का" असा निरोप मी स्वीकारणार नाही. रविवारी मी येऊ की नको, आणि सोमवारी मागची डावी बाजू माझी की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनिशी, कागदावर लिहून पाठव.

अक्का